पूल खेळातील नेमसाधन

पूल खेळातील नेमसाधन : क्यूने, म्हणजे टोकास चामड्याची टोपी बसविलेल्या निमुळत्या काठीने, पांढऱ्या चेंडूस आघात करून त्याच्या टकरीने दुसरा चेंडू ठरविलेल्या पॉकेटमध्ये घालण्यासाठी योग्य दिशा निश्चित करण्याची क्रिया व तिच्या पद्धती. पूल हा बिल्यर्ड्‌झ व स्नूकर यांच्या कुळातील, सहा पॉकेटांच्या टेबलावर खेळला जाणारा खेळ आहे. धनुर्विद्या किंवा बंदुकीची नेमबाजी यांत ज्या वस्तूचा वेध घ्यावयाचा, तिच्यावरच नजर रोखून नेम धरता येतो. पूल खेळात मात्र खेळाडू एका चेंडूस मारतो, तो चेंडू दुसऱ्यास मारतो आणि त्या दुसऱ्याने तिसऱ्याच ठिकाणी, म्हणजे पॉकेटमध्ये, जावयाचे असते. नेम असा दोन टप्प्यांत विभागला गेल्यामुळे ज्या बिंदूकडे पांढरा चेंडू पाठवावयाचा, तो बिंदू टेबलावर प्रत्यक्ष दिसत नाही. तो मनाने ठरवावा लागतो. कॅरममध्ये स्ट्रायकरने सोंगटी घेताना हाच प्रश्न असतो. परंतु तेथे स्ट्रायकर व सोंगटी यांचे आकार भिन्न असून दोन्ही सपाट असतात व घसरत जातात. पूलमधील चेंडू सारख्या आकाराचे व घरंगळणारे असल्याने भूमिती अधिक सोपी, परंतु गतीचा विचार अधिक गुंतागुंतीचा होतो.

साधने व मापे : स्पर्धांत सामान्यतः ९ फुटी टेबल वापरतात. त्याचा खेळण्याचा पृष्ठभाग २५४ × १२७ सेंमी. असतो. चेंडूचा व्यास ५·७१५ सेंमी. व वजन १५६ ते १७० ग्रॅ. असते. कोपऱ्यातील पॉकेटाचे तोंड सु. ११·४ ते ११·८ सेंमी., तर लांब बाजूंच्या मध्यावरील पॉकेटाचे तोंड सु. १२·७ ते १३ सेंमी. रुंद असते. म्हणजे कोपऱ्यातील पॉकेटाच्या तोंडात दोन चेंडू शेजारी शेजारी ठेवले, तर ते जेमतेम मावतात. नेमातील चूक किती चालेल, हे मुख्यतः या दोन मापांच्या गुणोत्तरावरून ठरते. ज्या चेंडूस पॉकेटमध्ये घालावयाचे, त्यास पुढील विवेचनात ‘लक्ष्यचेंडू’ म्हटले आहे.

मूलभूत भूमिती : दोन गुळगुळीत गोल एकमेकांवर आदळले असता त्यांच्यातील आघाताचा दाब त्यांच्या केंद्रांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने पडतो. स्थिर असलेला लक्ष्यचेंडू म्हणून याच केंद्ररेषेवरून पुढे निघतो. पांढरा चेंडू कोणत्या दिशेने आला, यावर ते अवलंबून नसते. यावरून नेमाचा मूळ नियम मिळतो : पॉकेटाच्या मध्यापासून लक्ष्यचेंडूच्या केंद्रातून जाणारी रेषा मागे वाढवावी, टकरीच्या क्षणी पांढऱ्या चेंडूचे केंद्र या रेषेवर, लक्ष्यचेंडूच्या केंद्रापासून बरोबर एक व्यास (५·७१५ सेंमी.) मागे असले पाहिजे. पांढऱ्या चेंडूच्या येण्याची दिशा व लक्ष्यचेंडूच्या जाण्याची दिशा यांतील कोनास कट-कोन म्हणतात. तो शून्य असल्यास फटका सरळ असतो. कोन जसा वाढतो, तसा पांढरा चेंडू लक्ष्यचेंडूस अधिकाधिक कडेने लागतो. ९०° ही त्याची सैद्धांतिक मर्यादा होय.

काल्पनिक चेंडूची पद्धत : वरील नियमाचा हा सर्वांत सरळ उपयोग होय. टकरीच्या क्षणी पांढरा चेंडू ज्या जागी असावयास हवा, तेथे एक चेंडू ठेवलेला आहे अशी कल्पना करतात व पांढऱ्या चेंडूचे केंद्र त्या चेंडूच्या केंद्राकडे पाठवितात. या कल्पित चेंडूस खेळाडू ‘घोस्ट बॉल’ म्हणतात. नवशिक्याने प्रथम लक्ष्यचेंडूच्या मागे उभे राहून पॉकेटाकडे जाणारी रेषा पाहावी, क्यूचे टोक त्या रेषेवर लक्ष्यचेंडूच्या मागील कडेपासून अर्धा व्यास, म्हणजे सु. २·९ सेंमी., अंतरावर कापडाच्या जवळ धरून ती जागा लक्षात ठेवावी आणि मग पांढऱ्या चेंडूमागे येऊन त्या जागेचा नेम धरावा. पद्धत तर्कशुद्ध व सर्व कोनांस लागू पडणारी आहे. रिकाम्या कापडावरील जागा नजरेत टिकवून ठेवणे सर्वांस सारखे साधत नाही, एवढीच तिची अडचण आहे.

नवशिक्याची नेहमीची चूक येथेच समजून घेणे उपयुक्त ठरते. लक्ष्यचेंडूवरील ज्या बिंदूस पांढरा चेंडू लागावयास हवा, त्या स्पर्शबिंदूकडेच तो पांढऱ्या चेंडूचे केंद्र रोखतो. परंतु केंद्र त्या बिंदूपर्यंत पोहोचण्यापूर्वीच पांढऱ्या चेंडूची बाजू लक्ष्यचेंडूस लागते. उदा., ३०° च्या कटासाठी स्पर्शबिंदू लक्ष्यचेंडूच्या मध्यरेषेपासून सु. १·४ सेंमी. बाजूस असतो, तर नेमाची रेषा त्याच्या दुप्पट, म्हणजे सु. २·९ सेंमी. बाजूने जावी लागते. स्पर्शबिंदूवरच नेम धरल्यास प्रत्यक्षात ३०° ऐवजी सु. १४·५° चाच कट मिळतो व चेंडू जाड लागून पॉकेटाच्या अलीकडे आदळतो. यावरूनच ‘दुप्पट अंतरा’ची पद्धत निघाली आहे : मध्यरेषेपासून स्पर्शबिंदूचे अंतर नजरेने मोजावे व त्याच्या दुप्पट अंतरावर नेम धरावा.

अंशपद्धती : या पद्धतीत पांढऱ्या चेंडूच्या दिशेने पाहिले असता तो लक्ष्यचेंडूचा किती भाग झाकील, याचा विचार करतात. पूर्ण चेंडू झाकला गेल्यास कट-कोन शून्य असतो. पाऊण चेंडूस सु. १४·५°, अर्ध्या चेंडूस ३०°, पाव चेंडूस सु. ४८·६° व अष्टमांश चेंडूस सु. ६१° कोन मिळतो. यांतील अर्ध्या चेंडूचा फटका विशेष महत्त्वाचा आहे. कारण त्यात पांढऱ्या चेंडूचे केंद्र लक्ष्यचेंडूच्या दृश्य कडेकडे रोखावयाचे असते व कड हे प्रत्यक्ष दिसणारे चिन्ह आहे. इंग्लिश बिल्यर्ड्‌झमध्येही या फटक्यास पायाभूत मानतात. अंशपद्धतीचा एक दोष ध्यानात ठेवावा लागतो. अंश सारखे वाढले, तरी कोन सारखे वाढत नाहीत. पूर्णापासून पाऊण चेंडूपर्यंत येताना कोन १४·५° नी बदलतो. परंतु शेवटच्या पाव भागात तो सु. ४८° पासून ९०° पर्यंत, म्हणजे चाळीस अंशांहून अधिक बदलतो. बारीक कट अवघड का वाटतात, याचे उत्तर यात आहे : तेथे केसभर फरकाने कोन अनेक अंशांनी बदलतो.

स्पर्शबिंदूंची पद्धत : लक्ष्यचेंडूवर स्पर्शबिंदू निश्चित केल्यावर पांढऱ्या चेंडूवरही त्याच्या जोडीचा बिंदू ठरविता येतो. पॉकेटाच्या रेषेस समांतर अशी रेषा पांढऱ्या चेंडूच्या केंद्रातून काढल्यास ती त्याच्या पुढील अंगास ज्या बिंदूत बाहेर पडते, तो हा बिंदू होय. हे दोन बिंदू एकमेकांस भिडतील अशा रीतीने चेंडू पाठवावा. नेमाची रेषा या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेस समांतर असते. ज्यांना रिकाम्या जागेपेक्षा प्रत्यक्ष वस्तूवरील खुणा अधिक स्पष्ट दिसतात, त्यांना ही पद्धत सोयीची वाटते.

ठराविक खुणांच्या पद्धती : पांढऱ्या चेंडूचे केंद्र किंवा कड लक्ष्यचेंडूच्या केंद्राशी, कडेशी वा पाव भागाशी जुळवून घ्यावी व मग क्यू ठराविक प्रमाणात फिरवून अंतिम रेषेवर आणावी, अशा स्वरूपाच्या पद्धतींचा १९९० नंतर अमेरिकेत बराच प्रसार झाला व त्यांवर तीव्र वादही झाले. त्यांच्या पुरस्कर्त्यांच्या मते या पद्धतींत अंदाजाला जागाच राहत नाही. भूमितीच्या दृष्टीने हा दावा टिकत नाही. जुळणीच्या खुणा मोजक्या असतात, तर कट-कोन असंख्य असतात. दोन खुणांमधील कोन कोणत्या तरी मार्गाने भरून काढावाच लागतो व तो भाग खेळाडूची सरावलेली नजर नकळत भरून काढते. तरीही या पद्धती निरुपयोगी ठरत नाहीत. प्रत्येक फटक्यापूर्वी त्याच क्रमाने, त्याच जागी उभे राहून, त्याच खुणा पाहण्याची शिस्त त्यांमुळे लागते. पुष्कळदा लाभ पद्धतीचा नसून या शिस्तीचा असतो.

चुकीची मर्यादा : लक्ष्यचेंडू कोपऱ्यातील पॉकेटापासून १ मी. अंतरावर समोरासमोर आहे असे मानू. पॉकेटाचे तोंड ११·४३ सेंमी. धरल्यास चेंडूचे केंद्र मध्यापासून प्रत्येक बाजूस सु. २·८६ सेंमी. सरकले, तरी तो कडेस न लागता आत जाईल. म्हणजे दिशेत सु. १·६° चूक चालेल. सरळ फटक्यात यासाठी टकरीच्या क्षणी पांढऱ्या चेंडूचे केंद्र योग्य जागेपासून फार तर सु. १·६ मिमी. बाजूस असू शकते. ४५° च्या कटात ही मुभा सु. १·२ मिमी. व ६०° च्या कटात सु. ०·८ मिमी. एवढीच उरते. पांढऱ्या चेंडूस टकरीपर्यंत १ मी. जावयाचे असेल, तर सरळ फटक्यातील १·६ मिमी. म्हणजे अंशाचा जेमतेम अकरावा भाग होय. याच अंतरावर पांढऱ्या चेंडूच्या दिशेतील चूक लक्ष्यचेंडूच्या दिशेत सु. साडेसतरा पटींनी वाढते. एका चेंडूने दुसरा व दुसऱ्याने तिसरा घालण्याचे जोडफटके धोक्याचे मानतात, त्याचे कारण ही वाढच होय. तेथे एकदा वाढलेली चूक पुन्हा वाढते. पॉकेट तिरपे दिसत असल्यास किंवा चेंडू काठाच्या उशीलगत येत असल्यास उपलब्ध तोंड आणखी अरुंद होते. वेगवान चेंडू पॉकेटाच्या कडेस लागून बाहेर फेकला जातो, तर मंदगतीने आलेला चेंडू कडेस लागूनही आत पडू शकतो. म्हणून अरुंद जागी वेग कमी ठेवणे हाही नेमाचाच भाग ठरतो.

घर्षणाची ओढ : येथपर्यंत चेंडू पूर्णतः गुळगुळीत मानले आहेत. प्रत्यक्षात टकरीच्या अल्पशा क्षणात पांढऱ्या चेंडूचा पृष्ठभाग लक्ष्यचेंडूवर बाजूस घासतो व त्यास आपल्या जाण्याच्या दिशेने किंचित ओढतो. परिणामी लक्ष्यचेंडू केंद्ररेषेपासून ढळतो व अपेक्षेपेक्षा कमी कटाने निघतो. इंग्रजीत यास ‘थ्रो’ म्हणतात. मंदगतीच्या, अर्ध्या चेंडूच्या आसपासच्या व टकरीच्या वेळी पांढरा चेंडू न घरंगळता नुसता घसरत असलेल्या फटक्यात ही ओढ सर्वांत जास्त असते. ती ५° च्या आसपासही जाऊ शकते. वर काढलेली १·६° ची मुभा लक्षात घेतल्यास याचे महत्त्व कळते. केवळ ३° ओढीनेही १ मी. अंतरावर चेंडू सु. ५ सेंमी. बाजूस जातो. म्हणजे भूमितीच्या दृष्टीने निर्दोष नेम धरूनही फटका चुकतो व खेळाडू विनाकारण आपल्या नजरेस दोष देतो. अशा फटक्यात नियमापेक्षा किंचित बारीक कट घ्यावा लागतो. वेग वाढविल्यास, तसेच पांढरा चेंडू पुढे घरंगळत अथवा उलट फिरत आल्यास ओढ कमी होते. चेंडू मळलेले असल्यास किंवा टकरीच्या नेमक्या ठिकाणी खडूचा कण असल्यास ती एकाएकी वाढते; यासाठी चेंडू स्वच्छ ठेवणे अगत्याचे असते.

बाजूच्या फिरकीचा परिणाम : पांढऱ्या चेंडूस मध्याच्या डावी वा उजवीकडे मारल्यास त्यास उभ्या अक्षाभोवती फिरकी मिळते. तिचे नेमावर तीन परिणाम होतात. (१) उजवीकडे मारलेला चेंडू क्यूच्या रेषेपेक्षा किंचित डावीकडे निघतो. हे प्रारंभिक विचलन क्यूच्या पुढच्या टोकाकडील वस्तुमानावर अवलंबून असून हलक्या टोकाच्या क्यूमध्ये ते कमी असते. (२) क्यूची मागची बाजू थोडी उचललेलीच असल्याने चेंडू पुढे फिरकीच्या बाजूस वळत जातो. वेगवान फटक्यात पहिला परिणाम प्रबळ ठरतो. मंद फटक्यात वळण्यास अवधी मिळत असल्याने दुसरा वाढतो. (३) फिरकीमुळे टकरीच्या वेळचे घासणे बदलते. सरळ फटक्यात उजवी फिरकी लक्ष्यचेंडूस डावीकडे ओढते. लक्ष्यचेंडू डावीकडे कापावयाचा असता योग्य तेवढी उजवी फिरकी दिल्यास दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर दातेरी चाकांप्रमाणे न घासता फिरतात व कटाची ओढ जवळजवळ नाहीशी होते. या तीन परिणामांचा मेळ प्रत्येक क्यूगणिक, वेगागणिक व कापडागणिक वेगळा असतो. म्हणून पांढरा चेंडू पुढील फटक्यासाठी अन्य मार्गाने योग्य जागी आणता येत असेल, तर बाजूची फिरकी टाळावी, असा अनुभवी शिक्षकांचा सल्ला असतो.

पांढऱ्या चेंडूचा पुढील मार्ग : चेंडू पॉकेटमध्ये जाणे पुरेसे नसते, पुढच्या फटक्यासाठी पांढरा चेंडू सोयीच्या जागी थांबावा लागतो. टकरीच्या वेळी तो घसरत असेल, तर तो लक्ष्यचेंडूच्या मार्गाशी काटकोन करणाऱ्या स्पर्शरेषेवरून जातो. तो घरंगळत आला, तर पाव ते पाऊण चेंडूच्या फटक्यांत आपल्या मूळ दिशेपासून सु. ३०° वळतो. मात्र जो फटका जागेसाठी निवडला जातो, तोच ओढीचे प्रमाणही ठरवितो. नेम व पुढील जागा यांचा निर्णय म्हणूनच एकत्र घ्यावा लागतो.

पवित्रा व दृष्टी : नेम उभ्याने ठरवावा व वाकल्यावर तो केवळ तपासावा, हा सर्वमान्य नियम आहे. उभे असताना पॉकेट, लक्ष्यचेंडू व पांढरा चेंडू यांचा परस्परसंबंध एका दृष्टिक्षेपात दिसतो. वाकल्यावर दूरची अंतरे आखूड भासतात. ठरविलेल्या रेषेवर प्रथम शरीर आणावे व मगच खाली वाकावे. वाकल्यावर रेषा चुकीची वाटल्यास क्यू बाजूस सरकवून दुरुस्ती न करता पुन्हा उभे राहावे. दोन डोळ्यांपैकी बहुतेकांचा एक डोळा प्रधान असतो; त्यामुळे क्यू हनुवटीच्या बरोबर मध्याखाली असावा की एका डोळ्याकडे किंचित झुकलेला, हे प्रत्येकाने सरळ फटक्यांच्या सरावाने ठरवावयाचे असते. बिल्यर्ड्‌झ खेळाडूंच्या नजरेच्या हालचालींवरील २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कुशल खेळाडूंची नजर फटक्यापूर्वी लक्ष्यावर अधिक काळ स्थिर राहते, असे आढळून आले. शेवटच्या क्षणी लक्ष्यचेंडूवर नजर ठेवून शांतपणे फटका मारण्याच्या जुन्या शिकवणीस त्यामुळे आधार मिळाला.

सराव व दोषनिदान : चुकलेल्या फटक्याचे कारण नेम चुकणे हे असेल किंवा नेम बरोबर असून क्यू वाकडा जाणे हेही असेल. दोन्हींचे उपाय भिन्न असल्याने कारण प्रथम वेगळे काढावे लागते. यासाठी लक्ष्यचेंडू व पांढरा चेंडू पॉकेटाच्या एकाच रेषेवर ठेवून, पांढरा चेंडू टकरीनंतर जागीच थांबेल असा सरळ फटका वारंवार मारतात. पांढरा चेंडू थांबून जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरला, तर तो मध्यावर मारला गेलेला नाही. तो न फिरता उजवीकडे सरकला व लक्ष्यचेंडू डावीकडे गेला, तर पांढऱ्या चेंडूची दिशाच उजवीकडे चुकली. सरळ फटका खात्रीचा झाल्यावरच कटाचा सराव घ्यावा. चेंडूंच्या जागा कागदी चकत्यांनी निश्चित करून तोच फटका पुनःपुन्हा मारावा. सतत एकाच बाजूस चूक होत असल्यास ती ओढीची किंवा नजरेची समजावी व दोन्ही बाजूंस विखुरलेली असल्यास हाताची समजावी. काल्पनिक चेंडूची जागा डोळ्यांत बसविण्यासाठी प्रारंभी तेथे खरा चेंडू ठेवून पांढऱ्या चेंडूमागून त्याचे निरीक्षण करावे व तो उचलून घेऊन फटका मारावा.

विकास : क्यूच्या टोकास चामड्याची टोपी बसविण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीचा फ्रेंच खेळाडू फ्रांस्वा मँगो यास देतात. या सुधारणेमुळे चेंडूस हवी तशी फिरकी देणे शक्य झाले व नेमाचा प्रश्न निव्वळ भूमितीचा राहिला नाही. फ्रेंच गणितज्ञ गास्पार ग्यूस्ताव्ह द कॉरिऑलिस याने १८३५ मध्ये बिल्यर्ड्‌झमधील फिरकी व टकरी यांचे गणिती विवेचन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. अलीकडच्या काळात अतिवेगवान छायाचित्रणाने ओढ व प्रारंभिक विचलन यांची मोजमापे घेता आली. खेळाडूंचे कौशल्य मात्र या गणिताच्या प्रतीक्षेत थांबले नव्हते. अमेरिकन खेळाडू विली मॉस्कोनी याने १९५४ मध्ये स्प्रिंगफील्ड (ओहायओ) येथील प्रदर्शनीय सामन्यात लागोपाठ ५२६ चेंडू पॉकेटमध्ये घातले. हा आकडा जॉन श्मिट याने २०१९ मध्ये ६२६ चेंडू घालून मागे टाकला.

भारताचा या कुळातील खेळांशी जुना संबंध आहे. स्नूकरचा उगम १८७५ मध्ये जबलपूर येथील ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात झाला, असे मानतात. स्नूकरचा चेंडू ५·२५ सेंमी. व्यासाचा, टेबल १२ फुटी व पॉकेटांच्या कडा गोलाकार असल्याने तेथे चुकीस अधिकच कमी मुभा असते; नेमाचे तत्त्व मात्र तेच आहे. पुणे येथे जन्मलेले विल्सन जोन्स (१९२२–२००३) यांनी १९५८ व १९६४ मध्ये बिल्यर्ड्‌झचे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळविले.

सारांश, नेमाच्या सर्व पद्धती एकाच बिंदूचा शोध घेतात व भूमिती तो बिंदू निश्चितपणे दाखविते. घर्षण, फिरकी व वेग त्यास जागेवरून हलवितात. तो किती हलेल, याचा अंदाज करणे हे खेळाडूच्या अनुभवाचे कार्य आहे व त्या कार्यातून कोणतीही पद्धत त्यास मुक्त करू शकत नाही. पद्धत प्रारंभी वाट दाखविते. पुढे चुकांची नोंद ठेवून केलेला सरावच नेम घडवितो.